अलार्म गेला कुठे?

तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी नाइट शिफ्टला असताना रात्री दीडच्या सुमारास एका सिस्टिमचा अलार्म वाजायला लागला. आम्ही दोघं जण होतो. इकडेतिकडे खाटखूट करून दोन वाजून दहा मिनिटांनी तो शांत केला आणि मी सातासमुद्रापारच्या क्लायंटला इमानदारीत मेल टाकली, की दोन-दहाला अलार्म 'वेंट ऑफ'. माझ्या डोक्यात 'गेला' होतं. आपल्याकडे लाइट जातात, आवाज जातो, ताप जातो. गेला म्हणजे थांबला. साहेबांनी वाचलं, 'दोन-दहाला वाजायला लागला'. त्यांच्या माणसांनी दोन-दहाच्या पुढचे लॉग पहाटेपर्यंत चाळले. त्यात काय सापडणार, कप्पाळ? गोंधळ दीड ते दोन-दहा या वेळातला. सकाळच्या कॉलवर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. :)

त्या विकांताला मी 'गो' आणि त्याच्या मागे लागणाऱ्या शेपटांच्या मागे लागलो. गो ऑन, गो ऑफ, गो अप, गो ओव्हर, गो थ्रू. शाळेत बाईंनी हे पाठ करायला लावलं होतं, कारण विचारायची सोय नव्हती. कारण आहे, आणि ते शोधायला हजारेक वर्षं मागे जावं लागतं.

आधी 'ऑफ'चाच निकाल लावू. जुन्या इंग्रजीत 'ऑव्ह' (अमक्याचा, तमक्याचा वाला) आणि 'ऑफ' हा एकच शब्द होता, अर्थ 'पासून दूर'. बोलताना जोर दिला की तो ठसठशीत ऐकू यायचा, जोर नसला की पुटपुटल्यासारखा. सतराव्या शतकापर्यंत या दोन उच्चारांची दोन स्पेलिंगं पक्की झाली आणि एका शब्दाचे दोन शब्द झाले. म्हणजे 'गो ऑफ'चा मूळ अर्थ साधा, 'दूर जाणे'. अडकवून ठेवलेली गोष्ट सुटली की तीही दूर जाते. बंदुकीचा चाप ओढला की बार सुटतो, घड्याळातली खीळ सरकली की गजर सुटतो. आपणही 'बार उडाला' म्हणतोच की. दिवा 'ऑफ' होतो तेव्हा तो चालू अवस्थेपासून दूर जातो, आणि ब्रिटनमध्ये दूध 'ऑफ' जातं तेव्हा ते चांगलेपणापासून दूर जातं. सगळे एकाच ठिकाणाहून निघाले, पोचले मात्र चार गावांना. माझा अलार्म दिव्याच्या गावाला गेला, क्लायंटचा बंदुकीच्या.

आता खरी गंमत. जुन्या इंग्रजीत ही शेपटं पुष्कळदा शेपटं नव्हतीच, ती डोक्यावर बसायची. 'गो'चं जुनं रूप 'गान'. त्याला पुढून 'ओव्हर' जोडून 'ओफरगान', 'अंडर' जोडून 'अंडरगान', 'आउट' जोडून 'ऊटगान'. हे ओळखीचं वाटत नाही का? आगमन, निर्गमन, उद्गम, संगम! संस्कृतच्या तासाला 'हृ' धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, संहार, प्रहार करणारा श्लोक सगळ्यांनी घोकलाय. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळेच भलतीकडे ओढून नेतो, असं त्यात सांगितलेलं. आणि वेदांच्या भाषेत हा उपसर्ग क्रियापदापासून सुटा, मध्ये दुसरे शब्द ठेवूनही येऊ शकतो. पाणिनीने त्यासाठी वेगळी सूत्रं दिली आहेत. पुढे संस्कृतात तो क्रियापदाला कायमचा चिकटला. इंग्रजीत मात्र उलटा प्रवास झाला. चिकटलेला सुटला आणि मागे जाऊन उभा राहिला.

का सुटला? एक तर जुने उपसर्ग झिजले. झिजून झिजून त्यांचा अर्थच कळेनासा झाला, मग लोक अर्थ स्पष्ट करायला एखादा दणदणीत 'अप' किंवा 'आउट' वापरायला लागले. दुसरं, शब्दांचे प्रत्यय गळून पडले तसा वाक्यातला शब्दक्रम घट्ट झाला आणि क्रियापद शेवटून उठून मध्ये आलं. तिसरा मुद्दा व्हायकिंगांचा. नवव्या ते अकराव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात हे दर्यावर्दी येऊन स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स भाषेतले बरेचसे उपसर्ग आधीच गळाले होते आणि 'जा बाहेर', 'जा वर' अशीच त्यांची बोलण्याची रीत होती. शेजारी राहून, लग्नं लावून, बाजारात भांडून ती रीत इंग्रजीत किती मुरली याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मुरली असणार, असं आपलं माझं मत.

या बदलाचा एक सुंदर पुरावा पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या बखरीत आहे. ११३२ सालच्या नोंदीत राजा पहिला हेन्री तिथल्या मठाधिपतीला गादी सोडून देशाबाहेर जायला लावतो. 'सोडून देणे' यासाठी लेखकाने चक्क 'गिव्ह अप' वापरलंय, आजच्यासारखं, 'अप' मागे ठेवून. लॅटिन शिकलेल्या साधूच्या लेखणीतून रस्त्यावरची भाषा निसटली म्हणायची.

तोवर १०६६ साली नॉर्मन आले होते आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच. त्यानंतरच्या काही शतकांत फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांची रांगच लागली. आत जाणे म्हणजे 'एंटर', खाली जाणे म्हणजे 'डिसेंड', चालू ठेवणे म्हणजे 'कंटिन्यू'. हे कोर्टाचे, चर्चचे, पुस्तकाचे शब्द, आणि गो इन, गो डाउन, गो ऑन हे घरातले. ही उतरंड अजून शाबूत आहे. मेल लिहिताना आपला हात आपोआप 'कंटिन्यू'कडे जातो. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, स्वयंपाकघरातून नाही. त्यामुळे अवघड शब्द आपल्याला सोपे आणि सोपे शब्द अवघड!

हे दुःख नवं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश छापला. प्रस्तावनेत तो सांगतो, की परक्या माणसाला बहुधा सगळ्यात जास्त त्रास देतात ती क्रियापदाला मागून शब्द जोडून झालेली रूपं. त्यातली काही अर्थाने इतकी भरकटलेली, की मूळ शब्दांपासून तिथवर माग काढणं कुणालाच जमू नये. म्हणून त्याने ती मेहनतीने गोळा केली. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या मेलची कुणीतरी काळजी केली होती, हे वाचून बरं वाटलं.

गंमत म्हणजे एवढं होऊनही या प्रकाराला सर्वमान्य नाव नव्हतं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ साली आपल्या पुस्तकात वापरलं आणि ते हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचं नमूद केलं. ब्रॅडली हा ऑक्सफर्ड शब्दकोशाचा संपादक, आणि 'जी' हे अक्षर त्याच्याच वाट्याला आलं होतं. म्हणजे 'गो'ची अख्खी वंशावळ त्याच्या हाताखालून गेलेली. ज्याने हा पसारा आवरला त्यालाच नाव सुचावं, हे रास्त आहे.

आणि मग आला ऑग्डेन. चार्ल्स ऑग्डेनने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं. फक्त ८५० शब्द, त्यात क्रियापदं जेमतेम १८, त्यातलं एक 'गो'. बाकीची क्रियापदं हवीत कशाला? या अठरांना अप, ऑफ, आउट जोडा आणि काम भागवा. १९४३ साली हार्वर्डमध्ये चर्चिलने जाहीर भाषणात याची तरफदारी केली. आम्हा प्रोग्रामर लोकांना तर हे लगेच पटतं, इन्स्ट्रक्शन सेट लहान ठेवा की झालं. पण इथेच बग आहे. शब्द ८५०, जोड्या किती? प्रत्येक जोडीचा अर्थ पुन्हा वेगळा पाठ करायचा. ऑग्डेनने गुंता कमी केला नाही, कोपऱ्यातून उचलून गादीखाली सरकवला. ज्याच्या आईने घरात इंग्रजीत हाका मारल्या त्यालाच हे सोपं वाटणार. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मोहीम हळूहळू विरली.

जुनी रीत पूर्ण गेली नाही. 'अंडरगो' आणि 'फॉरगो' तसेच डोक्यावर उपसर्ग घेऊन बसलेत. नामांत तर ती राजरोस चालते, आउटकम, डाउनफॉल, इनपुट. आपल्या धंद्यातलं 'लॉगिन' आणि 'लॉग इन'चं भांडण यातलंच थोडंफार. नाम जोडून, क्रियापद तोडून. कोड रिव्ह्यूमध्ये यावर मी दोनदा वाद घातलाय आणि दोनदा हरलोय.

जाता जाता 'वेंट'बद्दल. हा 'गो'चा भूतकाळ मुळात नाहीच. 'वेंड' म्हणजे वळणे, त्याचा भूतकाळ 'वेंट'. 'गो'चा स्वतःचा भूतकाळ वेगळाच होता; पंधराव्या शतकाच्या आसपास 'वेंट'ने त्याची जागा बळकावली आणि बिचाऱ्या 'वेंड'ला स्वतःसाठी 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला. याला हसणार होतो, तेवढ्यात आपलं आठवलं. 'जातो' आलाय संस्कृत 'याति'वरून, आणि 'गेला' आलाय 'गत'वरून. दोन वेगळे धातू, एकाच संसारात. आणि तो 'गम्' धातू इंग्रजीत कुणाचा सख्खा नातलग निघावा? 'गो'चा नव्हे, 'कम'चा!