नाशिक जिल्ह्यातील वनछत्र, राब आणि वणवा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वणवा किती वेगाने व कसा पसरेल, याची गणिती प्रारूपे प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत विकसित झाली. १९७२ मध्ये रिचर्ड रोथरमेल यांनी जमिनीलगतच्या आगीच्या वेगाचे सूत्र मांडले; १९७७ मध्ये कॅनडाचे व्हॅन वॅगनर यांनी आग शेंड्यापर्यंत केव्हा चढते, याचे निकष दिले. वनछत्राची जमिनीपासूनची उंची, घनता व पानांतील ओलावा हे त्यांतील निर्णायक घटक होत. सूचिपर्णी वनांच्या अभ्यासातून आलेले हे निकष नाशिकच्या पानझडी वनांना कितपत लागू पडतात, याचा इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पानझडी वनातील छत्र

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या पश्चिमेकडील तालुक्यांत साग, ऐन इत्यादी वृक्षांची वने आढळतात. सागाची पाने हिवाळ्यात गळू लागतात व भर उन्हाळ्यात तो बहुधा निष्पर्ण असतो. म्हणजेच वणव्याच्या काळात छत्र पाचोळ्याच्या रूपाने जमिनीवर उतरलेले असते. त्यामुळे येथील वणवा मुख्यतः जमिनीलगत पसरतो. शिवाय छत्र विरळ झाले की खाली ऊन पोचून गवत माजते, वाराही अडत नाही आणि वाळलेल्या गवतातून आग वेगाने धावते.

राब आणि वनकायदा

हे छत्र केवळ निसर्गाने घडविलेले नाही. भात, नागली व वरई यांच्या रोपांसाठी महादेव कोळी, कोकणा व वारली शेतकरी झाडांच्या फांद्या छाटून, पाला-गवत व शेण पसरून राब भाजत. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे व वृक्षतोड करणे अपराध ठरविला. लगतच्या ठाणे जिल्ह्यात व कुलाब्यात यावरून असंतोष वाढल्याने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न हा त्याच्यापुढील एक प्रमुख वादविषय होता.

राब भाजला जाई तो रोपांच्या वाफ्यावर, वनात नव्हे. त्याची ठिणगी वनात जाणे शक्य होते. वारंवारच्या छाटणीने छत्रही विरळ होई. तथापि छाटलेले झाड पुन्हा पालवते. मुळाशी तोडलेल्या झाडाची जागा अनेक वर्षे उघडी राहते. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू होऊन इगतपुरी मुंबईशी जोडली गेली. लोहमार्गांच्या स्लीपरांसाठी व शहरांच्या बांधकामासाठी लाकडाची मागणी वाढत होती. अशा तोडीने उघड्या पडलेल्या छत्राचा हिशेब मात्र वणव्याच्या कारणमीमांसेत क्वचितच मांडला गेला. दोष प्रामुख्याने आग लावणाऱ्या हातावर गेला.

निष्कर्ष

भारतीय वन सर्वेक्षण संस्था छत्राच्या घनतेनुसार वनांचे अतिघन (७० टक्के व अधिक), मध्यम घन (४० ते ७०) व विरळ (१० ते ४०) असे वर्ग करते आणि २००४ पासून उपग्रहाद्वारे वणव्यांची नोंद घेते. छत्र किती विरळ आहे, हे उपग्रह दाखवितो. ते का विरळ झाले, हे तो सांगू शकत नाही. म्हणून नाशिकसाठीच्या प्रारूपात पानगळीचा काळ, गवताची वाढ व तोडीचा इतिहास यांना स्थान हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वनरक्षणाचा अधिकार दिला आहे. अपुऱ्या प्रारूपावरून आगीचा ठपका पुन्हा त्याच समाजावर ठेवला गेल्यास या अधिकारालाच बाधा येईल. यास्तव वणव्याच्या अभ्यासात वनशास्त्राइतकीच अभिलेखागाराचीही आवश्यकता आहे.