राजांची युद्धे आणि नाबोथाचा मळा

शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मांजरेच्या खोऱ्यातील हा काळ्या जमिनीचा मुलूख पूर्वेस उदगीरचा किल्ला आणि पश्चिमेस औशाचा किल्ला यांच्या मधोमध वसला आहे. आज येथे सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी यांची शेते दिसतात. मात्र दोन किल्ल्यांच्या मध्ये वसलेल्या मुलखाच्या नशिबी जे येते ते याही मुलखाने भोगलेले आहे. राजे भांडतात किल्ल्यांसाठी आणि त्यांच्या फौजा जातात शेतांतून.

काही दिवसांपूर्वी या गावी एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला. रात्रीची जेवणे उरकल्यावर घरातील महाविद्यालयात शिकणारा मुलगा मोबाईलच्या पडद्यावर एका परदेशी मालिकेतील लढाई पाहण्यात रंगून गेला होता. मुलाच्या आईची तक्रार अशी की, या राजेलोकांच्या नादापायी त्याला अभ्यासाचे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेचेही भान राहत नाही. पंच्याऐंशी ओलांडलेले आजोबा शेजारीच बसले होते. त्यांनी नातवाला सगळी हकिकत विचारली. नातवाने मोठ्या उत्साहाने राजघराणी, त्यांची वैरे, सिंहासनावरील हक्क, कोणी कोणाला विष घातले हे सारे सांगितले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "समदं खरं हाय बाळा. पर ते घोडे ज्या रानातून गेले तिथं पीक व्हतं का नाही? अन् ते कुणाचं व्हतं?"

नातू हसला. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि या लेखाचे निमित्तही तोच प्रश्न आहे.

प्रथम त्याच मुलखातील एका खऱ्या युद्धाकडे पाहू. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची फौज उदगीरच्या परिसरात निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांच्यावर चालून आली. एकेकाळी निजामाच्याच चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी आपल्या तोफखान्यासह आता मराठ्यांच्या बाजूने लढत होता. निजामाची फौज उदगीरहून औशाच्या दिशेने सरकू लागली. मराठ्यांनी तिला घेरले आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी तिचा मोड केला. तहात निजामाने सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी सोडून दिली. या विजयाच्या आनंदात असतानाच, उत्तरेत दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर धारातीर्थी पडल्याची वार्ता आली आणि मार्च महिन्यात मराठवाड्यातीलच परतूरहून भाऊसाहेब उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले ते सर्वविदित आहे. उदगीरच्या यशाने मिळालेला आत्मविश्वास वर्षभराच्या आत रणभूमीवर आडवा झाला.

ही कथा बखरींनी सांगितली, इतिहासकारांनी लिहिली, कादंबरीकारांनी रंगविली. पण ३ फेब्रुवारी ही तारीख मराठवाड्यातील शेतकऱ्याला विचारून पाहावी. रब्बीची ज्वारी तेव्हा कणसांवर असते, हुरड्याचे दिवस नुकतेच सरत आलेले असतात, हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. हजारो घोडी, तोफा ओढणारे बैल, हत्ती आणि त्यांच्यामागचे बाजारबुणगे अशा शिवारातून जातात तेव्हा मागे काय उरते हे सांगावयास बखरकाराची गरज नाही. घोड्यांच्या वैरणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या टोळीला जुन्या मराठीत 'कही' असे नाव होते, आणि फौजेचा हा उपद्रव टळावा म्हणून परमुलखातून 'घासदाणा' नावाची रक्कम वसूल केली जाई. नुकसानीला स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र कर असावा, इतके ते नित्याचे होते! आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ते फक्त कथेच्या मध्यभागी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भांडणाऱ्या राजांच्या या लांबलचक कथा माणसाला इतक्या का आवडतात? ही आवड मोबाईलबरोबर आली असे समजणे चूक ठरेल. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' अठराव्या शतकाच्या प्रारंभी रचला गेला आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांत श्रावणात त्याचे वाचन होत आले. दिवसभर औत हाकून दमलेली माणसे रात्री मंदिरात बसून कौरव-पांडवांचे वैर महिनाभर ऐकत. एकाच कुळातील माणसांनी राज्यासाठी एकमेकांचे गळे धरावेत, ही गोष्ट त्यांना परकी नव्हती. बांधावरून भावाभावांत झालेली भांडणे त्यांच्या गावातही होती. स्वतःच्या घरातील लहान भांडण राजवाड्यात मोठे होऊन दिसते, म्हणून माणूस ते पाहतो.

मराठी कादंबरीच्या जन्मकाळीही हेच दिसून येते. १८५७ साली ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दुःखे वाचकांपुढे मांडली. मराठीतील ती पहिली कादंबरी मानली जाते. परंतु तिच्यामागोमाग कादंबरीची जी वाट मळली ती वेगळ्याच दिशेची होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये, 'रत्नप्रभा' १८६६ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली. राजपुत्र, राजकन्या, कपटी कारस्थाने, अद्भुत योगायोग आणि शेवटी सत्पक्षाचा विजय हा या कादंबऱ्यांचा थाट होता. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे होत आली होती. ज्या समाजाचे राज्य गेले होते तो कल्पनेतल्या राज्यांत रमला, यात आश्चर्य ते काय? पुढे १८७१ पासून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने ऐतिहासिक कादंबरीची वाट उघडली आणि काल्पनिक राजांची जागा खऱ्या राजांनी घेतली. नाथमाधवांसारख्या लेखकाने तर 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य कादंबरी आणि स्वराज्यावरील कादंबऱ्यांची माला, दोन्ही लिहिल्या. वाचक तोच होता आणि त्याची भूकही तीच होती. १९६२ मध्ये रणजित देसाई यांची 'स्वामी' आणि १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आली, तेव्हा त्या भुकेला पुन्हा नवे अन्न मिळाले. दूरदर्शनवर १९८७ पासून 'रामायण' आणि १९८८ पासून 'महाभारत' सुरू झाले, तेव्हा रविवारची मिस्सा संपताच घराकडे लगबगीने वळणारी पावले आम्हांला अजून आठवतात. त्या पावलांत आमचीही होती, हे कबूल केले पाहिजे.

या भुकेशी ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे आणि तो आपल्याला बरेच काही शिकवतो. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली आणि जुन्या पुराणांच्या वाचनावर बंदी आली. बंदी घालणाऱ्यांना वाटले असेल की, पोथी काढून घेतली म्हणजे पोथीची ओढही जाईल. तसे झाले नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत काम करीत होते. आपल्या काव्याच्या आरंभीच त्यांनी प्रसंग सांगितला आहे की, रविवारी धर्मशिक्षण झाल्यावर एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे काही आम्हांला का देत नाही? या एका प्रश्नातून 'ख्रिस्तपुराण' जन्मले. १६१६ मध्ये राचोल येथे ते प्रथम छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा येते आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र येते. इंग्लंडात जन्मलेल्या या माणसाने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत, मराठी श्रोत्यांना परिचित अशा पुराणाच्या थाटात शौल, दावीद, शलमोन यांची कथा सांगितली. पुढे त्या मूळ आवृत्त्यांची एकही प्रत हाती राहिली नाही; तरीही हस्तलिखितांच्या आधारे हा ग्रंथ टिकला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. आज्ञेने जे साधले नाही ते कथेने साधले. मुलाच्या हातून मोबाईल हिसकावून घेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी साष्टीतील तो रविवार आठवावा असे आम्हांस वाटते.

तथापि, भूक मान्य केली म्हणजे समोर येईल ते खावे असे नाही. येथे बायबलमधील राजांच्या कथा आपल्याला मोजमाप देतात. त्या कथांत युद्धे, कारस्थाने, बापाविरुद्ध उठलेला अबशालोम, भावाचा खून हे सारे आहे. कोणत्याही अद्भुतकथेला लाजवील इतके आहे. पण त्यांची सुरुवात कशी होते ते पाहा. इस्राएली लोक शमुवेलाकडे राजा मागतात. शमुवेल त्यांना स्पष्ट सांगतो की, राजा तुमचे पुत्र आपल्या रथांपुढे धावावयास नेईल, तुमच्या कन्यांना स्वयंपाकाला लावील, तुमची उत्तम शेते आणि मळे घेऊन आपल्या चाकरांना देईल. पहिला राजा गादीवर बसण्यापूर्वीच राजेशाहीचा हिशेब रयतेच्या बाजूने मांडलेला आहे! आणि पुढे अहाब राजाच्या काळात तो हिशेब खरा ठरतो. राजवाड्याशेजारी नाबोथ नावाच्या साध्या माणसाचा द्राक्षमळा असतो. वाडवडिलांचे वतन म्हणून तो विकावयास नाबोथ नकार देतो. ईजबेल राणी खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविते आणि अहाब मळा ताब्यात घ्यावयास जातो. तेथे त्याला एलिया संदेष्टा आडवा येतो. अहाबाने लढायाही जिंकल्या होत्या. पण शास्त्र त्याला त्या लढायांवरून तोलत नाही, नाबोथाच्या मळ्यावरून तोलते.

हेच माप घेऊन आजच्या गाजलेल्या महाकथांकडे पाहता येईल. जे. आर. आर. टोल्कीन हे श्रद्धावान कॅथोलिक होते. १९१६ च्या सोमच्या लढाईत ते स्वतः सैनिक होते आणि त्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र मारले गेले. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या कथेत राजे आणि सेना पुष्कळ आहेत, परंतु जगाचा भार शेवटी एक साधा माळी आपल्या धन्यासह वाहतो. युद्ध जिंकून ही मंडळी घरी परततात तेव्हा त्यांच्या गावची झाडे तोडलेली आणि बागा उद्ध्वस्त झालेल्या असतात. युद्ध पाहिलेल्या लेखकालाच हे सुचते. जॉर्ज मार्टिन यांची १९९६ मध्ये सुरू झालेली आणि इंग्लंडातील पंधराव्या शतकाच्या गुलाबयुद्धांवरून स्फुरलेली कादंबरीमाला याहून कठोर आहे. तिच्यातही जळालेली गावे आणि भरडलेली रयत दिसते. तिच्यावरची दूरचित्रमालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. तिच्यातील क्रौर्य आणि नग्नता कोवळ्या वयाच्या मुलांसाठी नाही, हे आईवडिलांनी निःसंकोच सांगावे. पण मोठ्या मुलांशी बोलताना नुसती नाराजी पुरत नाही. त्यांच्याबरोबर बसून विचारावे लागते की, या कथेत नाबोथ कोठे आहे?

आजोबांचा प्रश्न कोठून आला असेल याचा विचार आम्ही नंतर केला. ते लहान होते तेव्हा या मुलखावर निजामाचे राज्य होते; उदगीर आणि निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात मोडत. रझाकारांच्या जुलमाने गावे रात्र-रात्र जागी राहत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे राज्य संपले, लोकांना स्वातंत्र्य लाभले. पण त्यानंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे जिल्हे नोंदविले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे होते. जुलूम करणाऱ्या राजाच्या नावाने ज्यांनी किंमत मोजली त्यांपैकी बहुतेकांनी तो राजा कधी पाहिलाही नव्हता. आपल्यापैकी जे वसईचे आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. १७३७ ते १७३९ पर्यंत चिमाजीअप्पा आणि पोर्तुगीज यांच्यात जी झुंज झाली ती इतिहासात शौर्याची म्हणून नोंदली गेली, आणि ती शौर्याची होतीही. परंतु त्या दोन वर्षांत ज्यांच्या वाड्या आणि भातखाचरे दोन्ही फौजांच्या मध्ये होती, ते आपले पूर्वज होते.

म्हणून राजांच्या युद्धकथा वाचू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. सत्तेचा मोह माणसाचे काय करतो हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. मात्र वाचताना आणि पाहताना आजोबांचा प्रश्न जवळ असावा. ज्या कथेत तो विचारता येतो आणि ज्या कथेला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते, ती कथा मुलांच्या हाती निर्भयपणे द्यावी. ज्या कथेत तो प्रश्नच हास्यास्पद ठरतो, तिच्यापासून सावध राहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तो तरुण आम्हांला बसथांब्यावर सोडावयास आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते होती. तो आपण होऊन म्हणाला, "काका, उदगीरच्या लढाईचं आम्हाला शाळेत होतं. पण ती या बाजूला झाली हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." मग थोडे थांबून त्याने विचारले, की त्या वर्षी लोकांनी काय खाल्ले असेल?

आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो नाही. पण प्रश्न आता आजोबांकडून नातवाकडे आला होता, याचे समाधान घेऊन आम्ही गाडीत चढलो.