तारेवाचून धावणारी गाडी आणि चाकावरचा नंदी



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्या केशोरीत थोरांचे बैल गोठ्यात विसावा घेतात आणि पोरांचे बैल गावात निघतात. पाटाला चार चाके, पाटावर लाकडी नंदी, गळ्यात घुंगरू आणि पुढे ओढायला सुतळी. घरोघरी ओवाळणी होते, बोजारा मिळतो, आणि संध्याकाळी कोणाला किती मिळाला याचा हिशोब चालतो. विदर्भातल्या माणसाला हा तान्हा पोळा समजावून सांगायला नको. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही चाल पाडली असे सांगतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावी तर मोठमोठे नंदी निघतात आणि ते पाहायला दुरून माणसे येतात.

आमच्या घरच्या माळ्यावर या नंदीच्या शेजारी, एकाच पेटाऱ्यात, तीसेक वर्षे आणखी एक चाकाचे खेळणे पडून होते. ती एक विलायती मोटार होती. तिला सुतळी नव्हती. ती रेडिओच्या लहरींवर चालत असे. या दोन खेळण्यांची डागडुजी मी स्वतः केली. एकाची बरी साधली, दुसऱ्याची बिघडवली. मी इतिहास शिकवणारा माणूस, पण इतिहास म्हणजे काय ते मला त्या पेटाऱ्याने जरा उशिराच शिकवले.

मोटारीची हकिकत आधी सांगतो. माझे मामा नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर या शहरी होते. १९८९ च्या उन्हाळ्यात ते सुटीवर आले तेव्हा त्यांनी ही गाडी आणली. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो. केशोरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. गाडी मार्डेव्ह नावाच्या कारखान्याची, आणि तो कारखाना लेस्टरचाच. खऱ्या मोटारीच्या बाराव्या हिश्श्याएवढी. दुकानात ती तयार मिळत नसे. पेटीत सुटे भाग आणि एक कागद मिळे, तो वाचून गाडी आपण जुळवायची. मामांनी तिकडे थंडीत बसून ती जुळवली होती.

तारेवाचून वस्तू चालवण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव अशी चालवून दाखवली. खेळण्याच्या मोटारींना मात्र बराच काळ वाट पाहावी लागली, कारण रेडिओचा सगळा संसार वीतभर गाडीत मावायला हवा होता. नळ्यांच्या रेडिओत ते कुठून जमणार? ट्रान्झिस्टर आला आणि सामान हलके झाले. १९६६ साली इटलीतल्या एल्‌-जी या कारखान्याने अशी गाडी बाजारात आणली आणि त्याच वर्षअखेर ती लंडनच्या दुकानात दिसली. पाठोपाठ ब्रिटनमधले कारागीर पुढे आले. १९७० नंतर लेस्टरला मार्डेव्हच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या, त्या सुरुवातीला तेलावर चालणाऱ्या.

पुढे नॉर्दॅम्प्टनच्या सेसिल शूमाकर या अभियंत्याने १९८० च्या सुमारास एक सुधारणा केली. ती आपल्या बैलगाडीवरून चांगली समजते. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते आणि आतल्याला कमी. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात, म्हणून अडचण येत नाही. पण मोटारीत इंजिनच आसाला फिरवते. दोन्ही चाके त्याला घट्ट जखडली तर वळणावर एक चाक फरफटणारच. म्हणून मधे अशी योजना लागते की जोर दोन्हीकडे जावा आणि वेग मात्र कमीजास्त होऊ शकावा. शूमाकरने हे काम दातेरी चाकांऐवजी पोलादाच्या बारीक गोळ्यांकडून करून घेतले आणि बाहेरून कमीजास्त आवळता येईल असे केले. १९८६ साली त्याच्या कारखान्याने चारही चाकांना जोर देणारी ‘कॅट’ नावाची गाडी काढली, आणि पुढल्याच वर्षी तिने जागतिक शर्यत जिंकली. मोठमोठ्या परदेशी कारखान्यांपुढे हे घर तसे लहानच होते.

आमची गाडी असल्या मानाची नव्हती. पाटासारखा सपाट सांगाडा, मागे एक मोटार, चाकांना रबराऐवजी कडक स्पंजाची धाव. तिकडे ती शाळांच्या लाकडी जमिनीवर पळवायची. केशोरीच्या अंगणात तिने पहिल्याच हाताला दम सोडला! पोट जमिनीपासून बोटभरही वर नव्हते. शेणसड्याच्या अंगणात ती रुतून बसली. शेवटी शाळेच्या ओसरीवरची शहाबादी फरशी सापडली. तो महिनाभर गावातली पोरे त्या ओसरीवर जमली. एक म्हातारे गृहस्थ रोज येत आणि गाडीखाली हात घालून दोरी कुठे आहे ते पाहून जात.

दोरी होती, पण दिसणारी नव्हती. नागपूर केंद्र आपण वर्षानुवर्षे ५८५ किलोहर्ट्झवर ऐकले. ती लहर सुमारे ५१३ मीटर लांबीची. गाडीची लहर २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे अवघी ११ मीटर. जात एकच, लांबी निराळी. हातातल्या पेटीतून सेकंदाला सुमारे पन्नास वेळा ठोके जात. ठोका किती लांब यावरून गाडीतले लहानसे यंत्र चाके किती वळवायची ते ठरवी. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट म्हणजे सरळ. थोडा आखूड झाला की एका बाजूला, लांबला की दुसऱ्या बाजूला.

दोन गाड्या एकाच लहरीवर आल्या तर दोघींचा गोंधळ होई, म्हणून प्रत्येक लहरीला एक रंग ठरलेला असे. तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. आपल्या पेटीच्या काडीला त्या रंगाची चिंधी बांधायची म्हणजे दुसऱ्याने तो रंग घेऊ नये. आमची तांबडी. लहर ठरवण्याचे काम स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा करतो. पेटीत एक आणि गाडीत त्याचा जोडीदार. (आजच्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना स्फटिक बदलावे लागत नाहीत आणि चिंध्याही नाहीत.)

सुटी संपली, मामा परत गेले. वर्षभरात विजेचे घट निकामी झाले. तसले घट आमच्याकडे कुठे मिळणार? गाडी पेटाऱ्यात गेली.

२०२० साली साथीमुळे कॉलेज बंद होते, तेव्हा मी ती खाली काढली. स्पंजाची धाव बोट लावताच भुगा होऊन पडली. नायलॉनचा एक भाग वाळक्या काडीसारखा मोडला. घटांच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती आणि आतली तांब्याची तार काळी पडली होती. या निकेल-कॅडमियमच्या घटांतून जे पाझरते ते अल्कधर्मी असते. शिक्षक मंडळींना हा धडा वर्गात घेण्याजोगा आहे. आम्लाने ते मारता येते. व्हिनेगर नव्हते, मी लिंबाचा रस वापरला. मात्र कॅडमियम विषारी असते. हाताला मोजे हवेत, आणि ते घट शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.

रेडिओचा भाग माझ्या आवाक्याबाहेरचा होता. आमच्या बाजारात एक जुने मेकॅनिक आहेत. गावोगावचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी झाकण काढले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, “सर, हे त आपल्या रेडिओतलंच होय ना जी!” त्यांचे खरे होते. तांबड्या रंगाची पेटी २७.०४५ मेगाहर्ट्झवर बोलते आणि गाडीतला स्फटिक २६.५९० चा असतो. दोहोंत ४५५ किलोहर्ट्झचे अंतर. मध्यम लहरींचे घरगुती रेडिओही आतल्या आत बहुधा याच ४५५ वर आवाज उतरवून घेतात. लेस्टरच्या गाडीचे दुखणे केशोरीच्या माणसाला ओळखता आले ते त्यामुळे.

इंग्लंडात आता या गाड्या जमवून त्यांना मूळ रूप देण्याचा छंद चांगला पसरला आहे. लहानपणी ज्यांनी त्या पळवल्या, किंवा ज्यांना त्या घेऊन मिळाल्या नाहीत, ते आज पन्नाशी-साठीत आहेत. शूमाकरने जुन्या कॅटची नवी आवृत्तीही काढली. या मंडळींत दोन पंथ आहेत. एकाला गाडी पेटीतून आत्ता काढल्यासारखी हवी. त्यासाठी ते भराभर नवे भाग चढवतात. दुसरे म्हणतात, मोडले तेवढेच बदला, आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. मला हे दुसरे शहाणे वाटतात. पहिल्यांची गाडी देखणी होते, पण तिने काय काय पाहिले ते सांगायला तिच्यात काही उरत नाही. आमच्या गाडीच्या टपावर शाळेच्या ओसरीच्या खांबाचा ओरखडा आहे. तो मी तसाच ठेवला. मोडका नायलॉनचा तुकडाही डबीत आहे.

हे शहाणपण नंदीच्या वेळी नव्हते. २००४ साली मला नोकरी लागली. पहिल्या पगारात घरची जुनी वस्तू नीट करावी म्हणून मी आमचा नंदी काचकागदाने घासला. आजोबांनी गावच्या वाढयाकडून तो शिवणीच्या लाकडाचा करवून घेतला होता. घासताना खालून रंग निघू लागले. वर तैलरंग, त्याखाली चुना, गेरू, डोळ्यांभोवती काजळ. दर पोळ्याला एक पापुद्रा चढलेला. मी सगळे काढून कोरे लाकूड केले आणि वर पांढराशुभ्र रंग दिला. फार छान दिसला. आजीला दाखवायला नेला. तिने त्याच्या कानावरून बोट फिरवले आणि विचारले, “याचा लाल कान कुठं गेला?”

तो कान माझ्या थोरल्या काकांनी रंगवला होता. काका आठव्या वर्षी तापाने गेले. घरात त्यांचा फोटो नाही. पुढे दर वर्षी नंदीला रंग देताना आजी तो एक कान सोडून देत असे. मला हे कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आजी रागावली नाही. “जाऊ दे, चांगला झाला,” म्हणाली आणि आत गेली. मी एम. ए. ला साधनांची चिकित्सा हा पेपर दिला होता, त्यात गुणही बरे होते.

असे मोठ्या प्रमाणावरही घडते. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा हाकणारा, हत्ती, गेंडा आणि रेडा. जनावरेही चाकांवर चालावीत अशा घडणीची. रथ ४५ सेंटिमीटर लांब. खेळणी म्हणावीत तर चौघांचे वजन मिळून ६० किलोंच्या वर जाते. म्हणून मिरवणुकीची असावीत असेही मत आहे. आमच्या नंदीचे ते पूर्वजच वाटतात, पण तसे नाते कोणी सिद्ध केलेले नाही. काही संशोधक त्यांना सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या उत्तर हडप्पा काळातले मानतात, तर काहींना धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून शंका येते. वाद मिटत नाही, कारण त्या वस्तू रीतसर उत्खननात मातीच्या ठरलेल्या थरातून निघाल्या नाहीत. त्या गावकऱ्याचा यात काही दोष नाही. तो सरपण काढत होता. माझ्या हाती मात्र थर होते, आणि मी ते काचकागदाने काढले.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, वज्री, दौती असल्या वस्तू जमवल्या. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला. तेच राजा दिनकर केळकर संग्रहालय. लोक ज्याला अडगळ म्हणत ते त्यांनी उचलले. पण खेड्यातला प्रत्येक नंदी पुण्याला जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. त्याला पोळ्यात फिरायचे असते.

म्हणून आमच्या भागातल्या काही शाळांत आम्ही एक साधी गोष्ट चालवली आहे. तान्ह्या पोळ्याला मूल नंदी घेऊन आले की गुरुजी एका वहीत तीन ओळी उतरवून घेतात. नंदी कोणी केला, लाकूड कोणते, घरात कोणाकोणाचा झाला. मुलाला माहीत नसते. ते घरी जाऊन आजीला विचारून येते. एका मुलीने लिहून आणले की नंदीचे मागचे एक चाक तिच्या आजोबांच्या हातमागाच्या फिरकीचे आहे. चाक बदलायला काढले होते. बदलले नाही.

आमच्या नंदीचा कान मी पुन्हा लाल केलेला नाही. तो रंग माझा झाला असता. पाटाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने काकांचे नाव, २००४ हे साल आणि मी काय केले ते लिहून ठेवले आहे. गेल्या तान्ह्या पोळ्याला माझ्या मुलाने गाडीच्या मागे सुतळी बांधून तो नंदी शाळेच्या ओसरीवरून ओढवला. गाडीला वजन पेलवले नाही, स्पंजाची नवी धाव जागेवरच फिरत राहिली. मग पोरांनी सुतळी सोडवून हातात घेतली.