उत्तर युरोपीय मैदान

उत्तर फ्रान्सपासून बेल्जियम, नेदर्लंड्स, उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि पोलंड असा पूर्वेकडे पसरत गेलेला युरोपातील विस्तीर्ण सखल प्रदेश. उत्तरेस उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्र. दक्षिणेस आर्देन, हार्झ, सुडेटन आणि कार्पेथियन हे डोंगर. बहुतेक भागाची उंची 200 मीटरपेक्षा कमी असून नेदर्लंड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रपातळीच्याही खाली आहे. बेल्जियममध्ये हे मैदान बरेच चिंचोळे आहे. पूर्वेकडे ते नरसाळ्यासारखे रुंदावत जाते आणि बेलारूसपासून पुढे पूर्व युरोपीय मैदानात मिसळून थेट उरल पर्वताला भिडते. ऱ्हाईन, वेझर, एल्ब, ओडर आणि व्हिश्चुला या मुख्य नद्या साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, बर्लिन आणि वॉर्सा या राजधान्या याच मैदानात आहेत.

मैदान सपाट, म्हणून सीमा कच्च्या आणि म्हणून युद्धे फार, असे या प्रदेशाबद्दल नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. याच मैदानाच्या सर्वांत सखल, सर्वांत उघड्या कोपऱ्यात डच लोकांनी आपले राज्य उभे केले आणि राखले. तर मध्यभागातले पोलंडचे राज्य 123 वर्षे नकाशावरून पुसले गेले. दोन्हीकडची जमीन सपाटच होती. फरक पडला तो माती कसली, पाणी कोणाच्या हाती आणि कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क किती, या गोष्टींनी. त्यामुळे या मैदानाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात रणांगणांपासून नव्हे, मातीपासून करावी लागते.

भूरचना : स्कँडिनेव्हियातून वारंवार सरकत आलेल्या हिमस्तरांनी हे मैदान घडवले. शेवटचे हिमयुग सुमारे 11,700 वर्षांपूर्वी संपले. बर्फ मागे हटला तेव्हा वाळू, चिकणमाती, गोटे आणि हिमोढांच्या बुटक्या टेकड्या मागे राहिल्या. पोलंड आणि मेक्लेनबुर्गमधली असंख्य सरोवरे याच टेकड्यांच्या खोलगटांत साचली आहेत. बर्फाच्या कडेने वितळलेले पाणी वाहून ज्या रुंद दऱ्या तयार झाल्या, त्यांतल्याच एकीत बर्लिन वसले आहे. या दऱ्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आणि नद्यांमधले जलविभाजक अगदी बुटके. त्यामुळे कालवे काढणे सोपे गेले. व्हिश्चुला आणि ओडर यांची खोरी जोडणारा बिदगोश्च कालवा 1774 मध्ये खुला झाला. पश्चिमेकडचा मिटेललांड कालवा 1938 मध्ये एल्बपर्यंत पोहोचला आणि 2003 पासून तो जर्मनीतल्या माग्डेबुर्गजवळ 918 मीटर लांबीच्या जलसेतूवरून खुद्द एल्ब नदीच ओलांडतो.

मैदानात बांधकामाला योग्य खडक जवळजवळ नाही. शेतात नांगराला अडकणारे, बर्फाबरोबर आलेले ग्रॅनाइटचे गोटे गोळा करून गावांनी चर्च बांधली, तर शहरांनी विटा भाजल्या. उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकचे सेंट मेरी चर्च आणि पोलंडमधला माल्बोर्कचा प्रचंड किल्ला ही या विटांच्या वास्तुकलेची ठळक उदाहरणे. दगडांच्या देशात वाढलेल्या, सह्याद्रीचे किल्ले पाहिलेल्या माणसाला माल्बोर्कची ती लालभडक तटबंदी प्रथम परकी वाटते.

माती आणि शेती : मैदानाच्या दक्षिण कडेने, डोंगरांच्या पायथ्याशी, उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीपासून आजच्या पोलंडमधल्या सायलीशियापर्यंत लोएस मातीचा तुटक पट्टा आहे. हिमयुगातल्या कोरड्या वाऱ्यांनी उडवून आणलेली ही बारीक धूळ भुसभुशीत, खोल आणि ओल धरणारी असते. इ.स.पू. सुमारे 5500 पासून मध्य युरोपातले पहिले शेतकरी याच मातीच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकले. त्यांच्या लाकडी खांबांच्या लांबलचक घरांचे अवशेष ठिकठिकाणी सापडले आहेत.

या पट्ट्यात माग्डेबुर्गच्या आसपासचा प्रदेश सर्वांत कसदार. 1934 मध्ये जर्मनीत सर्व शेतजमिनींची प्रतवारी सुरू झाली, तेव्हा तिथल्या आयकेनडोर्फ गावच्या जमिनीला 100 गुण देऊन तिच्याशी बाकी जमिनी ताडल्या गेल्या. हार्झ पर्वताच्या पर्जन्यछायेत असल्याने इथे वर्षाला सुमारे 500 मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीहूनही कमी. पण तो बाराही महिने विखरून पडतो, हवा थंड असते आणि काळी माती त्याचा थेंबन्‌थेंब धरून ठेवते.

शुगरबीटचा उद्योग याच मातीवर फोफावला. बीटमधली साखर आणि उसाची साखर एकच, हे बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्ग्राफ याने 1747 मध्ये दाखवले. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने 1802 मध्ये सायलीशियात बीट साखरेचा पहिला कारखाना चालू केला. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे कॅरिबियन बेटांवरची साखर युरोपात येईनाशी झाली आणि या नव्या पिकाला बाजार मिळाला. बीटला पालाश भरपूर लागते. ते माग्डेबुर्गच्या दक्षिणेस श्टासफुर्टच्या खाणींतून 1861 पासून मिळू लागले. साखर कारखान्यामागोमाग खत, यंत्रे, रेल्वे आणि मजुरांच्या टोळ्या येतात, हे पश्चिम महाराष्ट्राला सांगायला नको. माग्डेबुर्गच्या गावांत तेच घडले. हंगामासाठी पूर्वेकडून, विशेषतः पोलिश भागांतून, हजारो मजूर येत आणि काम संपले की परत जात.

लोएसच्या उत्तरेकडचे चित्र अगदी वेगळे. तिथे वाळू, पाणथळ जागा आणि आम्ल, भुकेली माती. उत्तर जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या माळावर शेतकरी झुडपांसकट मातीची ढेकळे कापून गोठ्यात अंथरत आणि जनावरांच्या शेण-मुताने भिजलेली ती ढेकळे गावाजवळच्या शेतात पसरत. पिढ्यानुपिढ्या असे केल्याने काही शेते मीटरभर उंचावली. त्यांवर वर्षानुवर्षे एकच पीक निघे, ते म्हणजे राय हे गव्हासारखे धान्य. बाकीचा माळ मात्र त्यापायी उघडाबोडका झाला. एक एकर जगवायला कित्येक एकर खरवडावे लागत, आणि त्या शेतकऱ्यांपुढे दुसरा मार्गही नव्हता. बटाट्याने ही कोंडी फोडली. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने 1756 मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला. ओडर नदीकाठची विस्तीर्ण दलदल त्याने 1747 पासून काही वर्षांत निचरा करून लागवडीखाली आणली आणि तिथे दूरदूरच्या शेतकऱ्यांना वसवले.

पाणी आणि स्वराज्य : उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर जमीन मिळवायची म्हणजे बांध घालायचा, उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचा दरवाजा) बसवायची आणि दोन्ही अहोरात्र राखायची. कोकणातली खारभूमी किंवा गोव्यातली खाजणे पाहिलेल्यांना यातला मूळ व्यवहार लगेच कळेल. बांध एका जागी फुटला तर पाणी साऱ्यांच्या शेतात शिरते. म्हणून त्याची जबाबदारी एकट्यादुकट्यावर टाकून भागत नाही. नेदर्लंड्समध्ये यासाठी जलमंडळे स्थापन झाली. ऱ्हाइनलांडच्या मंडळाला 1255 मध्ये सनद मिळाली आणि ते आजही काम करते. ही मंडळे कर बसवत, बांधांची तपासणी करत, कसूर करणाऱ्याला दंड ठोठावत. फ्रिसियन किनाऱ्यावर तर असा दंडक होता, की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसेल त्याने त्यात आपले फावडे रोवायचे आणि जमीन सोडून निघून जायचे. जो ते फावडे उपटेल, त्याची जमीन आणि त्याचीच बांधाची जबाबदारी.

1612 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर, चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी पाणी उपसून बेम्स्टर सरोवर कोरडे करण्यात आले. तिथली काटकोनात आखलेली शेते आणि चर आजही तशीच आहेत. हेच पाणी डचांची तटबंदीही झाले. 1672 मध्ये चौदाव्या लुईच्या फौजा युट्रेख्टपर्यंत आल्या, तेव्हा डचांनी उघाड्या उघडून पुढची शेते बुडवली. पाणी चालून जायला खोल आणि नावेला उथळ होते. फौजा तिथेच अडकल्या. ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियनांनी न्यूपोर्टच्या उघाड्या भरतीच्या वेळी उघडून यझर नदीकाठी जर्मनांना असेच रोखले. या बचावाची किंमत प्रत्येक वेळी शेतकऱ्याने मोजली, कारण खारे पाणी शिरलेली जमीन सुधारायला वर्षे लागतात. खुद्द समुद्र मात्र कधीच कायमचा हटला नाही. 31 जानेवारी 1953 च्या रात्री आलेल्या वादळी भरतीत नेदर्लंड्समध्ये 1,836 माणसे मेली. त्यानंतर तिथल्या नदीमुखांवर अजस्र बंधारे बांधण्यात आले.

धान्य आणि भूदास : सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिमेकडची वाढती शहरे पूर्वेच्या धान्यावर जगू लागली. पोलंडमधली राय आणि गहू वसंतातल्या भरल्या पाण्यावर सपाट तळाच्या नावांतून व्हिश्चुलाने ग्दान्स्कला जाई आणि तिथून डच जहाजांनी ॲम्स्टरडॅमला. काझिमिएश डोल्नी या नदीकाठच्या गावात त्या काळातली धान्याची दगडी कोठारे अजून उभी आहेत. त्यांच्या सुंदर दर्शनी भिंती पाहताना तो पैसा कोणाच्या घामाचा होता, हे विसरता कामा नये. निर्यातीचा नफा वाढला तसे जमीनदारांनी कुळांना जमिनीला जखडले. 1520 मध्ये आठवड्याला निदान एक दिवस वेठ कायद्याने ठरली आणि पुढे ती कितीतरी वाढत गेली. त्याच सुमारास एल्बच्या पश्चिमेला बहुतेक शेतकरी खंड भरून आपली शेती आपण करत होते. म्हणजे एकाच बाजारपेठेने मैदानाच्या एका टोकाला मोकळा व्यापारी घडवला आणि दुसऱ्या टोकाला वेठबिगार. प्रशियात भूदासपद्धती रद्द करणारा हुकूम 1807 मध्ये निघाला, रशियात 1861 मध्ये. पण एल्बपलीकडच्या युंकर जमीनदारांची मोठाली शेते 1945 पर्यंत टिकली. त्या वर्षी सोव्हिएत अंमलाखालच्या जर्मनीत 100 हेक्टरांवरच्या जमीनदाऱ्या जप्त झाल्या, पुढे सामुदायिक शेती आली. पोलंडमध्ये मात्र 1956 नंतर शेतकऱ्यांनी सामुदायिक शेते बहुतांशी मोडून टाकली. म्हणून आजही पूर्व जर्मनीतली शेते अफाट आहेत, तर पोलंडच्या पूर्व आणि दक्षिण भागांत अरुंद पट्ट्यांची छोटी शेते दिसतात.

सैन्यांच्या वाटा : मैदानात घुसणे सोपे, पण ते जिंकून राखणे नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या सैन्याची आघाडी मैदानाबरोबर रुंदावत जाते आणि रसद मागे पडते. 24 जून 1812 रोजी नेपोलियनने नीमन नदी ओलांडली. पहिल्या काही दिवसांतच वादळी पाऊस आणि हिरव्या रायच्या चाऱ्याने हजारो घोडे मेले. थंडी यायला अजून महिने होते. पुढची वाट द्वीना आणि नीपर यांच्या मधल्या स्मोलेन्स्कच्या कोरड्या उंचवट्यावरून जाते. ऑगस्ट 1812 मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि जुलै 1941 मध्ये जर्मन रणगाडेही तिथेच येऊन धडकले. त्याच्या दक्षिणेस प्रिप्यातची दलदल आडवी असल्याने आक्रमकाला सैन्य दोन भागांत तोडावेच लागते. रशियाचा रेल्वेमार्गही पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांहून रुंद आहे. बेलारूसमधल्या ब्रेस्ट इथे 1,435 मिलिमीटरचा रूळ संपून 1,520 मिलिमीटरचा सुरू होतो. डबे उचलून खालच्या चाकांचे सांगाडे बदलतात.

पश्चिम टोकाला, फ्लँडर्स आणि पिकार्डीत, पहिल्या महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे आजही दर नांगरटीला वर येतात. शेतकरी ते बांधावर, विजेच्या खांबापाशी ठेवतो आणि लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. बीट आणि बटाट्याच्या कामाइतकेच ते अंगवळणी पडले आहे.

सरकत्या सीमा : 1772, 1793 आणि 1795 अशा तीन फाळण्यांत प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतले. 1918 पर्यंत पोलिश राज्य नव्हते, राष्ट्र मात्र होते, आणि ते बरेचसे शेतजमिनीवर तगले. पोलिश जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवण्यासाठी प्रशियाने 1886 मध्ये आयोग नेमला; पोलिशांनी पोझनान भागात सहकारी बँका काढून त्याला उत्तर दिले. मिहाल द्झिमावा या शेतकऱ्याला 1904 मध्ये स्वतःच्या जमिनीवर घर बांधू दिले नाही, तेव्हा त्याने चाकांवरच्या गाडीत बिऱ्हाड थाटले आणि ती थोडी थोडी हलवत राहिला, कारण हलणारी वस्तू घर ठरत नव्हती.

1945 मध्ये पोलंडच पश्चिमेकडे सरकवले गेले. पूर्वेचा सुमारे 1,80,000 चौ. किमी प्रदेश सोव्हिएत संघाला गेला, पश्चिमेला सुमारे 1,00,000 चौ. किमी जर्मन प्रदेश मिळाला, आणि लाखो पोलिश व जर्मन माणसे आपली शेते सोडून पश्चिमेकडे निघाली. या उलथापालथीचा एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबीरिया आणि कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे 5,000 जण, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे वळिवडे इथे येऊन पोहोचले. 1943 ते 1948 या काळात पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांची शाळा, चर्च आणि दवाखाना असलेली वसाहत होती. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे जागच्या जागी होती, पण ती पोलंडमध्ये उरली नव्हती. अनेकांनी परतण्याऐवजी ब्रिटन आणि इतर देशांची वाट धरली.

सद्यःस्थिती : फ्रान्सचा गहू, नेदर्लंड्सचे दूध आणि भाजीपाला, जर्मनीचे शुगरबीट, पोलंडची राय आणि सफरचंदे यांमुळे हे मैदान युरोपचा प्रमुख अन्नपट्टा आहे. मात्र शतकानुशतके केलेल्या निचऱ्याचा हिशेब आता पुढे येतो आहे. पाणी काढलेली पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन हवेशी संयोग होऊन कुजते, खचते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. जर्मनीच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात अशा जमिनींचा वाटा सुमारे 7 टक्के आहे. मेक्लेनबुर्ग-पश्चिम पोमेरेनियात काही जमिनींत पुन्हा पाणी सोडून शाकारणीचे बोरू आणि उष्णतारोधक फळ्यांसाठी पाणकणीस लावण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्यांच्या पणजोबांनी चर खणून ही जमीन कोरडी केली, त्यांना ती पुन्हा ओली करताना कुरणे जाऊन दुधाचे उत्पन्न बुडते त्याची भरपाई हवी आहे, आणि ही मागणी रास्त आहे.