५१२ ओळींची कुळकथा

“दादा, कार्ड फुल झालंय, नवीन घ्या.” लोणी भापकर काय, मोरगाव काय, बारामतीच्या एसटी स्टँडजवळची मोबाईलची दुकानं काय, काउंटरवरचं हे वाक्य सगळीकडे सारखंच. गिऱ्हाईक दोन जीबीचं मेमरी कार्ड घेऊन आलेलं असतं. कुणाला उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी हवी असतात, कारण सोमेश्वर नाहीतर माळेगाव कारखान्याच्या गव्हाणीपाशी नंबर लागेपर्यंत रात्र काढायची असते. कुणाच्या आजीला पहाटे छोट्या प्लेअरवर काकडा ऐकायचा असतो. शंभरेक गाणी भरून होतात आणि पुढचं गाणं कॉपीच होत नाही. कार्डावर बघावं, तर दीड जीबी जागा मोकळी!

दुकानदार खोटं बोलत नसतो. कार्ड खरोखरच फुल झालेलं असतं, पण गाण्यांनी नव्हे, नावांनी. पुस्तकाची पानं कोरी असावीत आणि अनुक्रमणिका मात्र खालपर्यंत भरून जावी, तसं हे. दोन जीबीपर्यंतची कार्डं फॅट-१६ नावाच्या पद्धतीनं मांडलेली असतात. त्या पद्धतीत कार्डाच्या सर्वांत वरच्या पातळीवरची यादी फॉरमॅट मारतानाच आखून ठेवलेली असते. तिच्यात सहसा ५१२ ओळी. पाचशे तेरावी ओळ नाही, मग खाली कितीही जागा पडून असो.

आता कुणी म्हणेल, ५१२ ओळी तर ५१२ गाणी बसायला हवीत, शंभरातच का अडतं? खरी गंमत इथे आहे. मूळ यादीतली एक ओळ ३२ बाइटांची, आणि नावाला तिच्यात जागा फक्त आठ अक्षरांची, वर प्रकाराची तीन. लांब नावाला जादा ओळी लागतात. अशा प्रत्येक जादा ओळीत १३ खुणा मावतात, आणि शिवाय मूळची आखूड ओळ राहतेच. ‘रूपाचा अभंग’ असं नाव दिलं, तर काना-मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा आणि शेवटचं टिंब-एमपी३ धरून १५ खुणा होतात. म्हणजे दोन जादा ओळी, एक मूळची, एकूण तीन. अशी नावं असतील तर १७० गाण्यांतच यादी संपते. आणि फुकटात उतरवलेल्या गाण्यांची नावं कशी असतात ते आपण पाहिलंय: गाणं, सिनेमा, गायक, वर साइटचं नाव, साठ-साठ अक्षरं. त्याला सहा ओळी लागतात, म्हणजे ८५ गाण्यांत दार बंद. एक गाणं पाच एमबीचं धरलं, तर ही सगळी मिळून सव्वाचारशे एमबी. दोन जीबीचा पाव भागसुद्धा नाही.

देवनागरीला इथे उगाच दोष देतात. लांब नावाच्या ओळीत इंग्रजी अक्षर जेवढी जागा खातं, तेवढीच मराठी खूण खाते. तोटा एवढाच, की आठ अक्षरांच्या मूळ ओळीत मराठी नाव बसत नाही, म्हणून ‘काकडा’ एवढ्या छोट्या नावालाही दोन ओळी लागतात. स्वस्त प्लेअरवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात, तो वेगळा आजार. त्यात फॉन्टच नसतो.

ही यादी आली कुठून? १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्डनं आठ इंची फ्लॉपीसाठी फॅटची मांडणी केली. १९८० मध्ये टिम पॅटरसननं तीच कल्पना आपल्या ८६-डॉसमध्ये घेतली, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी आयबीएम पीसीचा डॉस आला. त्या पीसीची फ्लॉपी १६० केबीची आणि तिच्या यादीत ६४ ओळी. फोल्डर हा प्रकारच नव्हता. हिशेबाची चार पत्रकं आणि दोन-तीन प्रोग्राम ठेवणाऱ्या ऑफिसला ६४ ओळी रग्गड होत्या. १९८३ मध्ये हार्ड डिस्कबरोबर फोल्डर आले आणि यादी वाढत वाढत ५१२ ओळींवर स्थिरावली.

मग १९९५. जुलैमध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी आपल्या ध्वनिफायलींसाठी एमपी३ हे शेपूट ठरवलं, आणि ऑगस्टमध्ये विंडोज ९५ लांब नावं घेऊन बाजारात आलं. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून लांब नावाचे तुकडे त्याच जुन्या यादीत, त्यांना दिसणार नाहीत अशा खुणा करून, ओळींत दडवले. युक्ती बिनतोड होती. पण गाणं आणि त्याचं ऐसपैस नाव असे दोघे महिन्याभराच्या अंतरानं जन्मले आणि एका फ्लॉपीच्या यादीत येऊन राहिले. १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड आणलं, तेव्हा सगळ्या यंत्रांना वाचता येते म्हणून हीच मांडणी उचलली.

गाण्याला मर्यादा पूर्वीही होतीच. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणून रंगभूमीवर तासभर रंगणारं नाट्यपद तेवढ्यात आटोपावं लागे. कॅसेटची बाजू संपली की खट्ट आवाज होई. पण तिथे काय संपलं ते कळायचं.

उपाय साधा आहे आणि फुकट आहे. फोल्डर करा. ५१२ची अट फक्त सर्वांत वरच्या यादीला आहे. फोल्डरची यादी फायलीसारखी वाढत जाते. वर ‘काकडा’, ‘हरिपाठ’, ‘शिंदे’ असे पाच-सहा फोल्डर ठेवले की तेच कार्ड काठोकाठ भरतं. दोन-तीन गाणी पुसून मात्र बऱ्याचदा भागत नाही, कारण लांब नावाला सलग ओळी लागतात आणि पुसलेल्या ओळी विखुरलेल्या असतात. चार ते बत्तीस जीबीची कार्डं फॅट-३२ची, त्यांना ५१२चं बंधन नाही. तिथे अडलंच तर प्लेअर अडतो. पुष्कळ कार प्लेअर ९९९ फायलींच्या पुढे मोजत नाहीत. चौसष्ट जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं, ते जुन्या यंत्राला दिसतच नाही.

भजनी मंडळींसाठी आणखी एक. बरेच साधे प्लेअर नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, यादीत जशी नोंद झाली तसं वाजवतात. रूपाचा अभंग आधी आणि भैरवी शेवटी हवी असेल, तर त्याच क्रमानं एकेक करून कॉपी करावं.

सगळ्यात जीव तुटतो तो ‘फॉरमॅट मारून देतो’ या वाक्यानं. भैरवनाथाच्या देवळातलं भजन, बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीत मोबाईलवर धरलेला एखाद्या दिंडीचा अभंग, आता नसलेल्या कुणाचा तरी आवाज, हे दुसरीकडे कुठेच नसतं. आधी कार्ड रीडर लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि फॉरमॅट झालाच असेल, तर कार्डात काहीही नवीन भरू देऊ नका. कॉम्प्युटरवरचा क्विक फॉरमॅट यादी कोरी करतो, गाणी बहुधा खाली तशीच असतात आणि फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामनं पुष्कळदा परत निघतात. निघाल्यावर त्यांना नावं नसतात. ती ऐकून ऐकून पुन्हा द्यावी लागतात.