टिळकांचा त्याग आणि लक्ष्मीबाईंचं सोवळं

भक्तीसाठी संसार सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं, हा आजचा आपला विषय. इंदिरानगरात बसून तो समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. गोदाकाठचं जलालपूर आपल्या नाशिकजवळचंच. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला, 1868 सालचा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्याग आपल्याला ठाऊक असतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडू नये, असा कायदा 1850 मध्येच झाला होता. पण पंगत, पाणी आणि माहेर-सासर कोणता कायदा राखणार? ते तुटलंच. पुढे 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरीही सोडली, संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्तभक्ती परदेशी पैशावर नव्हे, इथल्या मातीत, अभंगाच्या वळणाने वाढावी, ही त्यांची ओढ होती. 1919 मध्ये ते वारले.

आता याच गोष्टीकडे लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघूया. टिळकांनी सोडायचं ठरवलं. बाईंना कोणी विचारलंच नव्हतं. नवरा हयात, पण घर मोडलेलं, पदरी लहान मुलगा, अशी काही वर्षं त्यांनी काढली. मग त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं त्यांनी सांभाळलं. वडील इतके कर्मठ, की बाजारातून आलेलं धान्यही धुतल्याशिवाय घरात घेत नसत. त्या घरात वाढलेल्या बाईला पैसा-दागिन्यांपेक्षा सोवळं सुटणं अवघड होतं. ते सुटलं ते नवऱ्याच्या आग्रहाने नाही. माणसं देवाने केली, जाती माणसाने केल्या, हे त्यांचं त्यांनाच पटलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी घेतलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये.

म्हणजे बघा, एकाच घरात त्यागाच्या दोन तऱ्हा. टिळक एका झटक्यात सोडणारे. घरातली वस्तू उचलून गरजूला देऊन मोकळे होत. मागे चूल कशी पेटायची, ते बाईंनी बघायचं. बाईंचा त्याग सावकाश, पटेल तसा, आणि म्हणूनच पक्का.

टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. 'स्मृतिचित्रे'त तर त्यांनी टिळकांची भक्ती आणि त्यांचा विक्षिप्तपणा, दोन्ही सांगितलं. राग लपवला नाही, प्रेमही नाही. 1936 मध्ये नाशिकातच त्यांनी देह ठेवला.

संतांच्या, संन्याशांच्या चरित्रांत सोडणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं. यापुढे अशी चरित्रं वाचताना आपण एवढं करूया: त्या दिवशी त्या घरी स्वयंपाक कोणी केला, हेही शोधूया.