रंधा
लाकडाचा पृष्ठभाग तासून सपाट व गुळगुळीत करण्याचे सुतारी हत्यार. पाँपेईच्या (विनाश इ. स. ७९) अवशेषांत रोमन रंधे सापडले आहेत. ठोकळ्यात पाते तिरकस, बहुधा ४५° कोनात बसवितात. तंतूंच्या उलट दिशेने रंधा मारल्यास लाकूड धारेपुढे फाटत जाऊन खड्डे पडतात. सुताराची खरी अडचण हीच होय. पात्याचा कोन वाढविणे हा जुना उपाय, पण त्याने रंधा जड चालतो. अठराव्या शतकात पात्यावर दुसरी लोखंडी पट्टी बसवू लागले. फिलाडेल्फियातील १७६७ च्या एका जाहिरातीत असे दुपाती रंधे आढळतात. पट्टीची कड धारेपासून केसभर अंतरावर ठेवल्यास ढलपी लगेच उभी वळते व फाट थांबते. विसाव्या शतकातील पुष्कळ पाश्चात्त्य लेखकांनी मात्र ही पट्टी केवळ पात्याची थरथर रोखते असे मानले. या मतामुळे एक सोपा उपाय पुस्तकांतून जवळजवळ लोपला. जपानमधील यामागाटा विद्यापीठाच्या कावाई व काटो यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केलेल्या चित्रफितीत, हे अंतर सुमारे ०·१ मिमी. ठेवल्यास उलट तंतूही न फाटता कापले जाताना दिसतात. २०१२ च्या सुमारास ती पाश्चात्त्य हस्तकारागिरांच्या पाहण्यात आली.